उत्सर्जन तिप्पट करण्याआधी: आर्क्टिकची काजळी मॉडेलमध्ये कमी का दिसते?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तुम्ही नॉर्वेच्या आर्क्टिक द्वीपसमूहातल्या, म्हणजे स्वालबार्डमधल्या, नी-ऑलेसुंद गावाच्या ब्लॅक कार्बनच्या, म्हणजे काजळीच्या, नोंदी घेतल्यात आणि जागतिक केमिकल ट्रान्सपोर्ट मॉडेलशी (प्रदूषण हवेतून कसं वाहतं आणि गळतं याचा संगणकी हिशेब) ताडून पाहिल्यात. मोजमापात काजळी फेब्रुवारी ते एप्रिल सर्वाधिक आहे. मॉडेल त्या महिन्यांत तिच्या जेमतेम एक तृतीयांश दाखवतं आणि त्याचा उच्चांक येतो जुलै-ऑगस्टमध्ये. हायस्प्लिट या संगणकी मॉडेलवर दहा दिवसांच्या बॅक ट्रॅजेक्टरी (हवा कुठून आली याच्या मागे जाणाऱ्या रेषा) काढल्या, तर हिवाळ्यातल्या बहुतेक उत्तर रशियाकडे जातात. म्हणून तुम्ही विचारता की रशियाचं उत्सर्जन तिपटीने वाढवून पुढे जावं का. जोडीला तीन छोटे प्रश्न आहेत: बर्फातल्या नमुन्यांशी तुलना कशी करायची, यात भारताचा वाटा दाखवता येईल का, आणि अंटार्क्टिकातल्या मैत्री तळासाठी हीच मांडणी चालेल का.

तिप्पट करू नका, निदान आत्ता तरी. कारण तुमच्याच आलेखात आहे. उत्सर्जनाला सरसकट तीनने गुणलं की हिवाळ्याचा आकडा जुळेल, पण त्या भागातून उन्हाळ्यात येणारी काजळीही तिप्पट होईल, आणि तिथे तर मॉडेल आधीच जास्त दाखवतंय. चूक ऋतुचक्राच्या आकारात आहे. आकाराची चूक एका गुणकाने सुटत नाही. वर्षभरात जे बदलतं त्यात कारण शोधावं लागतं, आणि ध्रुवीय प्रदेशात ऋतूनुसार सगळ्यात जास्त बदलते ती गोष्ट म्हणजे काजळी वाटेत किती गळते.

थोडं गणित करू. कणांचं हवेतलं सरासरी आयुष्य ५ दिवस धरलं आणि प्रवास १५ दिवसांचा असेल, तर १०० कणांतले ५ पोहोचतात. तेच आयुष्य ८ दिवस धरलं तर १५ पोहोचतात. म्हणजे उत्सर्जनाला हात न लावता तिप्पट फरक, तुम्हाला हवा तेवढाच. पुणे किंवा दिल्लीची हवा मॉडेल करताना हा प्रश्न एवढा टोकाचा होत नाही, कारण तिथे स्रोत शेजारीच असतो. ध्रुवाजवळ स्रोत लांब आहेत आणि आयुष्यातली छोटी चूक घातांकी वाढत जाते. म्हणून या कामात माझी पहिली शंका नेहमी धुऊन जाण्याच्या प्रक्रियेवर असते, उत्सर्जनावर नंतर.

ट्रॅजेक्टरीबद्दल आधी बोलतो, कारण तुमचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. ट्रॅजेक्टरी हवेचा मार्ग दाखवते. त्या हवेत किती काजळी चढली आणि वाटेत किती उतरली हे ती सांगत नाही. एसटी कोणत्या गावांवरून आली हे कळलं, म्हणून कुठे किती माणसं उतरली हे कळत नाही, तसंच. त्यात दहा दिवसांनंतर एका रेषेची अनिश्चितता शेकडो किलोमीटरवर, कधी हजारावर जाते. निदान एकाच वेळी अनेक रेषा सोडा, वेगवेगळ्या उंचीवरून. त्याहून चांगलं म्हणजे फ्लेक्सपार्टसारखं कण सोडणारं मॉडेल उलट्या दिशेने चालवा. ते संवहन आणि मिश्रण धरतं आणि धुऊन जाणंही चालू ठेवता येतं.

हायस्प्लिटच वापरायचं असेल तर त्यातली एक सोय जरूर वापरा. प्रत्येक ट्रॅजेक्टरीच्या वाटेवर किती पाऊस-बर्फ पडला हे ते लिहून देऊ शकतं. शेवटच्या पाच-सहा दिवसांतला हा साठा बेरीज करून काढा, त्यानुसार ट्रॅजेक्टरींचे गट पाडा, आणि प्रत्येक गटासाठी मोजलेली काजळी व मॉडेलची काजळी शेजारी शेजारी ठेवा. कोरड्या वाटेने आलेल्या हवेत मॉडेल ठीक आहे आणि ओल्या वाटेच्या हवेत ते कोसळतंय, असं दिसलं तर दोषी सापडला. दोन्ही गटांत मॉडेल सारख्याच प्रमाणात कमी असेल, तर उत्सर्जनाचा संशय बळावतो. प्रबंधात हा एक आलेख बाकी दहा नकाशांपेक्षा जास्त काम करेल.

आता हिवाळ्यात एवढी काजळी तिथे पोहोचतेच कशी, ते थोडक्यात. आर्क्टिकवर हिवाळ्यात थंड, जड हवेचा घुमट बसलेला असतो. हवा साधारणपणे समान पोटेन्शियल तापमानाच्या (हवा एकाच ठरावीक दाबाला आणली तर तिचं जे तापमान होईल ते) पृष्ठभागांवरून सरकते. त्यामुळे उबदार, दमट प्रदेशातली हवा उत्तरेकडे जाताना वर चढते आणि घुमटाच्या माथ्यावरून निघून जाते. जमिनीलगत आत शिरते ती आधीच थंड झालेली हवा, म्हणजे मुख्यतः उत्तर युरेशियाची. आत हवा अतिशय स्थिर, पाऊस-बर्फ कमी, सूर्य नाही. काजळी आणि सल्फेट आठवडेच्या आठवडे साचत राहतात. १९५० च्या दशकात वैमानिकांना अलास्काच्या उत्तरेकडे जे धुरकट थर दिसायचे, ते हेच आर्क्टिक हेझ. उन्हाळ्यात घुमट आकसतो आणि समुद्रावरच्या कमी उंचीच्या ढगांतली रिमझिम हवा सतत धूत राहते. मोजमापातलं ऋतुचक्र यातून तयार होतं.

घुमटाची ही सीमा दर वर्षी सारखी नसते. २००६ च्या एप्रिल-मेमध्ये पूर्व युरोपात शेतातल्या आगी लागल्या होत्या आणि त्याच वेळी आर्क्टिक नेहमीपेक्षा बरंच उबदार होतं. तापमानातला फरक कमी झाल्यामुळे धूर सरळ आत शिरला आणि स्वालबार्डच्या झेपेलिन वेधशाळेत तोवरच्या विक्रमी नोंदी झाल्या. हिमनदीवरच्या बर्फाचा रंगसुद्धा बदललेला दिसला. तुमच्या आकडेवारीत असं एखादं असाधारण वर्ष असेल, तर सरासरी काढण्यापूर्वी ते वेगळं करा. एका आगीच्या धुराने महिन्याची सरासरी ओढली जाते आणि मग माणूस चुकीच्या प्रक्रियेमागे लागतो.

तर मॉडेल हिवाळ्यात नेमकं काय चुकतं? बहुतेकदा ते मिश्र ढगांत चुकतं. शून्याखालच्या ढगांत अतिथंड पाण्याचे थेंब आणि हिमकण एकत्र असतात. हिमकणांवरचा बाष्पदाब कमी असतो, म्हणून थेंब विरत जातात आणि हिमकण त्यांच्या जिवावर वाढतात. थेंबाच्या पोटात काजळीचा कण असेल, तर थेंब विरला की कण पुन्हा हवेत मोकळा होतो. पडणारा हिमकण त्यातली थोडीच काजळी खाली नेतो. स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउयोख शिखरावर हे मोजलं गेलं आहे: निव्वळ पाण्याच्या ढगात निम्म्याहून जास्त काजळी थेंबांत शिरलेली असते, आणि ढगात बर्फाचं प्रमाण वाढलं की तोच वाटा एक दशांशाच्या आसपास उतरतो. पुष्कळ जुन्या मॉडेलांत मात्र हा फरकच नाही. ढगातून जितकं पाणी खाली पडलं, त्याच प्रमाणात काजळी गेली असं सरळ गृहीत धरलेलं असतं. तुमच्या आवृत्तीत नेमकं काय धरलंय ते वेट डिपॉझिशनच्या (पाऊस-बर्फाबरोबर कण खाली येण्याच्या) सबरुटीनमध्ये, म्हणजे कोडच्या त्या भागात, उघडून वाचा. माहितीपुस्तिकेवर विसंबू नका. ती कोडच्या एक-दोन आवृत्त्या मागे असू शकते.

मॉडेल वाटेत जास्त धुतात, याचा एक स्वच्छ पुरावाही आहे. मार्च २०११ मध्ये फुकुशिमातून सिझियम-१३७ आणि झेनॉन-१३३ एकाच वेळी बाहेर पडले. झेनॉन निष्क्रिय वायू, तो धुतला जात नाही. सिझियम सल्फेटच्या कणांना चिकटून प्रवास करतो. स्रोत एक, तारीख माहीत, आणि अणुचाचणीबंदी कराराच्या जागतिक केंद्रांवर दोन्हींची रोजची मोजमापं होती. दोघांचं गुणोत्तर काळानुसार कसं उतरलं यावरून कणांचं आयुष्य थेट काढता आलं. ते सुमारे दोन आठवडे निघालं. एरोसोलची बहुतेक मॉडेल त्याच परीक्षेला बसवली तेव्हा त्यांनी कण बरेच लवकर संपवले, आणि तफावत सर्वात मोठी होती ती अगदी उत्तरेकडच्या केंद्रांवर. तुमच्या मॉडेलमध्ये किरणोत्सारी ट्रेसर (माग काढता येईल असा खूण म्हणून सोडलेला पदार्थ) चालवायची सोय असेल, तर काजळीआधी हाच प्रयोग किंवा शिसे-२१० चा प्रयोग करून पाहा. तिथे उत्सर्जनाचा वाद फारसा आड येत नाही.

मग धुणं सगळीकडेच कमी करावं का? तर तेही नाही, आणि इथे बरेच जण अडकतात. २००९ ते २०११ दरम्यान प्रशांत महासागरावर ध्रुवापासून ध्रुवापर्यंत विमानातून काजळी मोजली गेली. तिथे दूरच्या, उंचावरच्या हवेत मॉडेल कमी नव्हे, कितीतरी जास्त काजळी दाखवत होती. सरसकट धुणं कमी केलंत तर नी-ऑलेसुंद जुळेल आणि वरचा वातावरणाचा थर आणखी बिघडेल. बदल करायचा तो फक्त मिश्र ढगांत. उष्ण कटिबंधातल्या उंच ढगांत धुणं उलट वाढवावं लागेल, आणि उन्हाळी रिमझिमही नीट धरावी लागेल. म्हणून जमिनीवरच्या एकाच केंद्राशी जुळवून मॉडेल सुधारलं असं म्हणायला मी तयार नसतो. उंचीनुसारची किमान एक मोजमाप-मालिका सोबत ठेवा.

आता उत्सर्जनाची बाजू, कारण तुमचा संशय निराधार नाही. कोणती इन्व्हेंटरी, म्हणजे उत्सर्जनाची यादी, वापरली यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. तेलविहिरींवर जाळला जाणारा वायू जुन्या याद्यांत एक तर नव्हता किंवा नगण्य धरला होता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं निघालं की जगाच्या एकूण काजळीत या ज्वालांचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपास असला, तरी ६६ अंश उत्तरेच्या वरच्या उत्सर्जनात तो सुमारे दोन तृतीयांश भरतो, आणि आर्क्टिकच्या जमिनीलगतच्या वार्षिक काजळीत सुमारे ४२ टक्के. हे स्रोत घुमटाच्या आत आहेत, प्रवास छोटा, वाटेत गळती कमी. त्याच अभ्यासात घरगुती लाकूड-कोळसा वर्षभर सारखा न जाळता थंडीनुसार जाळला जातो असं धरलं, तेव्हाही हिवाळ्याची बाजू सुधारली. बघा, हा ऋतूनुसार बदल आहे, म्हणून तो आलेखाचा आकार सुधारतो.

याची तपासणी अशी करता येईल. हिवाळ्यातले दिवस हवेच्या दिशेनुसार वेगळे काढा: उत्तर रशियातल्या पेचोरा आणि यामालच्या तेल-वायू पट्ट्यावरून आलेले, पश्चिम युरोपवरून आलेले, ग्रीनलंड समुद्राकडून आलेले. मॉडेलची तूट फक्त पहिल्या गटात असेल, तर इन्व्हेंटरीत ज्वाला आहेत का ते पाहा आणि नसतील तर घाला. तूट सगळ्या गटांत सारखी असेल, तर पुन्हा ढगांकडे वळा. बहुतेक वेळा दोन्हींचा थोडा थोडा वाटा निघतो.

तुलना करतानाच्या दोन गोष्टी, ज्या वेळीच पाहिल्या नाहीत तर वरचं सगळं वाया जातं. झेपेलिन वेधशाळा सुमारे ४७५ मीटर उंचीवर आहे, तर गाव आणि ग्रुवेबादेतची प्रयोगशाळा खाली, फ्योर्डच्या काठाजवळ. हिवाळ्यात या दोहोंच्या मध्ये तापमानाचा व्युत्क्रम असतो, म्हणजे वर जावं तसं ऊब वाढते, आणि खालची हवा वरच्या हवेत मिसळत नाही. तुमचं मॉडेल २ गुणिले २.५ अंशांचं असेल, तर त्याच्या एका चौकटीत डोंगर, हिमनदी, फ्योर्ड आणि समुद्र सगळं एकाच सरासरी उंचीला येतं. अशा वेळी मॉडेलचा सर्वात खालचा थर डोळे मिटून घ्यायचा नाही. झेपेलिनसाठी त्या दाबाचा थर घ्या. खालच्या केंद्रासाठी घेतलेला आकडा थराच्या निवडीवर किती अवलंबून आहे ते दाखवा. गावातलं वीजकेंद्र आणि उन्हाळ्यात येणारी जहाजं यांचे ठळक टोकदार उंचवटे मोजमापातून गाळा. ते मॉडेलला दिसणं शक्यच नाही. दुसरं, एथॅलोमीटर काजळीचं वजन मोजत नाही. फिल्टरवर जमलेल्या कणांनी किती प्रकाश शोषला ते मोजतो आणि ठरावीक गुणकाने त्याचं वजन करतो. हा गुणक बदलला की तुमची 'तिप्पट' अडीचपट किंवा दुप्पटही होऊ शकते. कोणता गुणक धरला ते प्रबंधात लिहा.

चौकटीवरून आणखी एक. ७९ अंश उत्तरेला रेखांशाच्या रेषा इतक्या जवळ येतात, की पाव अंश म्हणजे विषुववृत्तावर सुमारे २८ किलोमीटर, तिथे जेमतेम ५. नेहमीच्या अक्षांश-रेखांश जाळीला हे झेपत नाही. मग काळाचं पाऊल लहान करावं लागतं किंवा ध्रुवाजवळ गाळणी लावून आकडे गुळगुळीत करावे लागतात, आणि बारीक धुराचे पट्टे त्यात विरघळून जातात. क्यूब्ड-स्फिअर जाळी (घनाच्या सहा बाजू गोलावर ताणून केलेली) किंवा ध्रुवीय प्रक्षेपण वापरलं की हा त्रास टळतो. फ्लेक्सपार्ट ध्रुवाजवळ प्रक्षेपण आपोआप बदलतं. डब्ल्यूआरएफ-केम हे प्रादेशिक मॉडेल वापरलंत तर पोलर स्टिरिओग्राफिक हे ध्रुवीय प्रक्षेपण निवडा.

बर्फाचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण काजळी हवेत किती हे जुळवणं सोपं आहे; ती खाली किती आणि कशी उतरली हे जुळलं तरच मॉडेलवर विश्वास ठेवता येतो. हिशेब हातानेच करून पाहा. समजा हवेत घनमीटरला ५० नॅनोग्रॅम काजळी आहे. बर्फावर कोरडं डिपॉझिशन, म्हणजे पाऊस-बर्फाशिवाय कणांचं उतरणं, फार संथ असतं. वेग सेकंदाला ०.०३ सेंटिमीटर धरू. महिनाभरात चौरस मीटरवर सुमारे ३९ मायक्रोग्रॅम उतरेल. त्याच महिन्यात ३० मिलिमीटर पाण्याइतका बर्फ पडला, तर तो ३० किलो झाला. म्हणजे ग्रॅममागे १.३ नॅनोग्रॅम. वेग ०.१ सेंटिमीटर केला तरी साडेचारच्या आतच. आणि स्वालबार्डच्या बर्फातली मोजमापं दहाच्या थोडी वर, १३ नॅनोग्रॅमच्या आसपास आली आहेत. उरलेली काजळी बर्फवृष्टीबरोबरच खाली आली असली पाहिजे.

आता पेच पाहा. हवेतली काजळी वाढवण्यासाठी तुम्ही धुणं कमी केलंत, तर बर्फातली काजळी घटू शकते. पण वाटेत कमी धुतलं गेल्यामुळे स्वालबार्डवर पोहोचणारी काजळी वाढलेली असते, म्हणून ती वाढूही शकते. कोणतं पारडं जड होईल हे मार्गावर अवलंबून आहे, आधी सांगता येत नाही. म्हणूनच ही परीक्षा चांगली आहे. उत्सर्जन तिप्पट केलं तर दोन्ही आकडे तिप्पट होतात. ढग दुरुस्त केले तर दोन्ही वेगवेगळे हलतात. हवा आणि बर्फ दोन्हींशी एकाच बदलाने जुळणारा पर्याय खरा असण्याची शक्यता जास्त.

नमुन्यांबद्दल काळजी एवढीच, की ग्रॅममागची काजळी बर्फ किती पडला यावरही ठरते. मॉडेलला दिलेली बर्फवृष्टी चुकली तर डिपॉझिशन बरोबर असूनही आकडा चुकेल, आणि डोंगराळ स्वालबार्डवर पुनर्विश्लेषणातली (मोजमापं आणि मॉडेल एकत्र करून बनवलेल्या जुन्या हवामानाच्या आकडेवारीतली) बर्फवृष्टी चुकतेच. वारा बर्फ उडवून दुसरीकडे नेतो. वितळायला लागलं की पाणी निघून जातं आणि काजळी बरीचशी वरच राहते, मग आकडा फुगतो. म्हणून वितळण्याआधीचे, एप्रिलपर्यंतचे नमुने वापरा, खड्ड्याच्या पूर्ण खोलीतली एकूण काजळी चौरस मीटरमागे काढा आणि मॉडेलच्या साचलेल्या डिपॉझिशनशी ती ताडा. ग्रॅममागचा आकडा त्यानंतर.

भारताच्या अंटार्क्टिकातल्या मैत्री तळासाठी हीच मांडणी चालेल का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. कोड चालेल, गृहीतकं नाही. अंटार्क्टिकाच्या आतल्या पठारावर बर्फवृष्टी इतकी कमी, की कोरड्या डिपॉझिशनचा वाटा वाढतो. उतारावरून वाहणारे कॅटाबॅटिक वारे आणि तळाचा स्वतःचा डिझेलचा धूर हे वेगळे प्रश्न आहेत. दूरचं प्रदूषण तिथेही पोहोचतं यात शंका नाही. तिथल्या हिमगाभ्यांत ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या खाणींचं शिसं १८८९ च्या सुमारापासून सापडतं, म्हणजे माणूस दक्षिण ध्रुवावर पोहोचायच्या वीसेक वर्षं आधी. आणि पुढे कधी पाऱ्याकडे वळलात, तर लक्षात ठेवा की तो बर्फावर पडून थांबत नाही. वसंतात सूर्य उगवल्यावर ब्रोमीनमुळे तो झपाट्याने खाली उतरतो आणि त्यातला बराचसा पुन्हा हवेत जातो. त्यासाठी दोन्ही दिशांची वाहतूक असलेलं मॉडेल लागतं.

राहिला भारताचा वाटा. गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचा हिमाद्री हा तळ नी-ऑलेसुंदला २००८ पासून आहे आणि डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्यातही आपली माणसं तिथे राहू लागली, त्यामुळे हा प्रश्न पडणं मी समजू शकतो. पण जमिनीवरच्या मोजमापातून तो सुटणार नाही. गंगेच्या मैदानातली काजळी उबदार, दमट हवेत निघते, वर चढते आणि पोहोचलीच तर घुमटाच्या वर, कित्येक किलोमीटर उंचीवर पोहोचते. ग्रुवेबादेतच्या हिवाळी आकड्यांत तिची खूण शोधलीत तर नगण्य काहीतरी सापडेल, आणि 'भारताचा परिणाम नाही' असा निष्कर्ष निघेल. तोही चुकीचा असेल. दक्षिण आशियाची काजळी वेगळ्या नावाचा ट्रेसर म्हणून मॉडेलमध्ये सोडा, तिचा ७० अंशांच्या वरचा उभा छेद महिन्यानुसार काढा, आणि जमिनीपासून दहा किलोमीटरपर्यंत तिचा वाटा कसा बदलतो ते दाखवा. मिश्र ढग आणि उष्ण कटिबंधातलं धुणं दुरुस्त करण्याआधी एकदा आणि केल्यानंतर एकदा, असे दोन छेद ठेवा. तुमच्या मॉडेलमध्ये भारताचा आकडा ढगांच्या एका गृहीतकावर किती हलतो, हे त्या दोन चित्रांतल्या फरकावरून परीक्षकांना थेट दिसेल.